बायकोची फाईल, नवऱ्याची चिठ्ठी: खानदेशातल्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ व वंध्यत्व उपचार केंद्रांचे डॉक्टर,
तसेच तिन्ही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक यांस

सप्रेम नमस्कार.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. डीएमएलटी हा लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा झाल्यापासून हेच करते आहे. रक्त, लघवी, थुंकी यांच्याबरोबर वीर्य तपासणीही माझ्याच टेबलावर येते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाला काय उपचार द्यावा हे सांगायचा मला अधिकार नाही. पण ज्या कागदावर तुम्ही उपचार ठरवता तो कागद कसा तयार होतो, हे मला तुमच्यापेक्षा जवळून दिसतं.

मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्याकडे एक जाडजूड पिशवी असते. ती उघडली की सगळं बाईचंच निघतं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच अशा हार्मोनच्या तपासण्या. अंडं कधी फुटतं ते पाहायला एकाआड एक दिवस केलेल्या सोनोग्राफीचे गुंडाळी झालेले फोटो. नळ्या उघड्या आहेत का ते बघणारा एक्स-रे. दुर्बिणीच्या तपासणीची सीडी, जी लावायला आता कुणाकडे मशीनच उरलेलं नाही. टीबीच्या शंकेने गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढला होता, त्याचा रिपोर्ट. (टीबीची शंका आपल्याकडे घ्यायलाच हवी, नळ्या खराब होण्याचं ते मोठं कारण आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.) आणि अगदी तळाशी चार घड्या घातलेली, अर्ध्या पानाची नवऱ्याची चिठ्ठी. बऱ्याचदा दीड-दोन वर्षांपूर्वीची. या सगळ्यावर तुमचा शेरा असतो: अनएक्स्प्लेन्ड इन्फर्टिलिटी, म्हणजे मूल न होण्याचं कारण सापडत नाही. खाली आययूआयची, म्हणजे नवऱ्याचे शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडण्याची तारीख.

माझं म्हणणं असं की कारण सापडत नाही असं लिहिण्याआधी नवऱ्याची तपासणी बायकोच्या तपासणीइतकी मन लावून झाली आहे का, ते पाहा. आणि त्यापुढच्या महागड्या चाचण्या तेव्हाच सांगा, जेव्हा त्यांच्या उत्तराने पुढचा उपचार बदलणार असेल. आज उलटं चाललं आहे. साधी तपासणी उरकली जाते आणि कुठून तरी ऐकलेली भारी चाचणी लिहून दिली जाते.

ती चिठ्ठी जरा एकत्र वाचू या. ‘काउंट ६० मिलियन. मोटिलिटी ६० टक्के. नॉर्मल फॉर्म्स ८० टक्के. पस सेल्स २ ते ४.’ म्हणजे शुक्राणू किती, त्यातले हलणारे किती, नीट आकाराचे किती, आणि पू-पेशी किती. खाली सही, शिक्का. तुम्ही काउंट बघता, ठीक म्हणता आणि पान उलटता. मी आधी तिसरी ओळ बघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्य तपासणी नियमावलीप्रमाणे काटेकोर निकष लावले तर नॉर्मल आकाराच्या शुक्राणूंची खालची मर्यादा ४ टक्के आहे. चाळीस नाही, चार. चांगल्या, बापही झालेल्या पुरुषाच्या स्लाइडवरसुद्धा बहुसंख्य शुक्राणूंत डोक्याचा, मानेचा किंवा शेपटीचा काहीतरी दोष निघतो. १९८७ च्या नियमावलीत हाच आकडा ५० टक्के होता, पण त्या वेळचे निकष सैल होते. तेव्हा आज कुणी ८० टक्के लिहून देत असेल, तर त्याने स्लाइड रंगवून निकषाप्रमाणे मोजलेलीच नाही एवढं नक्की समजा. आणि ही ओळ जर अंदाजपंचे असेल, तर वरच्या दोन ओळी मोजून लिहिल्या असतील यावर कशाच्या भरवशावर विश्वास ठेवायचा?

चिठ्ठीवर काय नाही, ते तर त्याहून महत्त्वाचं. नमुना किती वाजता दिला ते नाही. तपासणी किती वाजता सुरू झाली ते नाही. किती दिवस संबंध नव्हता ते नाही. नमुना पूर्ण मिळाला की काही सांडला, तेही नाही. पहिल्या भागातच शुक्राणू सर्वांत जास्त असतात. तो सांडला आणि उरलेला डबीत आला, तर चांगल्या माणसाचा काउंटही पडतो. पण लाजेपायी कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

नियम साधे आहेत. नमुन्याआधी २ ते ७ दिवस संबंध नको. नमुना दिल्यापासून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात तपासणी सुरू व्हावी. तोवर नमुना २० ते ३७ अंशांत राहावा. आता हे नियम आपल्या मुलखात लावून बघा. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून माणूस सकाळी डबी घेऊन मोटारसायकलवर निघतो. मे महिन्यात रावेर-यावलकडे सावलीतच पारा ४४-४५ ला टेकतो आणि डबी असते गाडीच्या डिकीत, उन्हात. लॅबमध्ये आल्यावर आधी रक्तवाल्यांची रांग, मग माझा चहा, मग त्याचा नंबर. तोवर निम्मे शुक्राणू निपचित पडलेले असतात. चिठ्ठीवर येतं ‘मोटिलिटी २० टक्के’ आणि घरी जाऊन तो माणूस स्वतःला नापास ठरवतो. थंडीत याच्या उलट. डबी अंगालगत, बंडीच्या खिशात ठेवायची असते, हे सांगायला कुणी नसतं. नेहमीच्या कंडोममध्ये नमुना आणणारेही भेटतात. त्यातलं रबर आणि रसायन शुक्राणूंना मारक असतं.

खरं तर नमुना लॅबमध्येच द्यायला हवा. पण कुठे? बहुतेक ठिकाणी त्यासाठी खोलीच नाही. एकच संडास, त्याची कडी नीट लागत नाही, बाहेर शुगरवाले काका दार वाजवतात. त्यात मी बाई. डबी हातात देताना बाप्ये मान वर करत नाहीत. काही जण घामाघूम होऊन रिकामी डबी परत आणतात. त्यांना आम्ही ‘उद्या या’ म्हणतो आणि ते उद्या येत नाहीत. यातल्या काहींना घरीही अडचण असते, लिंगाला ताठरता येत नाही किंवा संबंध पुरा होत नाही. बायको ते सासूला सांगू शकत नाही, तुम्हालाही सांगत नाही. तुम्ही नवऱ्याला एकटं बसवून विचारलं तरच ते कळणार.

आता मोजणी. नीट करायची तर वीर्य पातळ होईपर्यंत थांबायचं, मग न्यूबावर चेंबरमध्ये, म्हणजे मोजणीसाठी चौकटी आखलेल्या काचेवर, दोन वेगवेगळे भाग घेऊन प्रत्येकात निदान २०० शुक्राणू मोजायचे आणि दोन्ही मोजण्या जुळतात का ते पाहायचं. जुळल्या नाहीत तर पुन्हा. हालचालीचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या नियमावलीच्या २०२१ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीने तर जोरात पुढे जाणारे आणि हळू पुढे जाणारे असे दोन गट पुन्हा वेगळे मोजायला सांगितलं आहे. यात तासभर जातो. मिळतात काही शे रुपये, आणि त्यातून ‘कट’ गेला की उरतं काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग लॅबवाला काय करतो? एक थेंब काचेवर, वर कव्हर स्लिप, डोळ्याने अंदाज, झाला रिपोर्ट. मला कॉलेजात या तपासणीचं जेमतेम दाखवलं होतं, पुढचं सगळं नोकरीत शिकले. आज बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींचंही फार वेगळं नाही.

आकड्यांबद्दल अजून एक. सहाव्या आवृत्तीप्रमाणे खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू, एकूण ३.९ कोटी, एकूण हालचाल ४२ टक्के आणि पुढे जाणारी हालचाल ३० टक्के. हे आकडे आले कुठून? ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस राहिले अशा १२ देशांतल्या साडेतीन हजारांवर पुरुषांकडून. त्या १२ देशांत भारत नाही. त्या सगळ्या बापांमध्ये सर्वांत खालचे शंभरातले पाच जिथे संपतात, ती ही रेघ. म्हणजे रेघेखालचेही बाप झालेले आहेत, आणि रेघेवर असणं म्हणजे बाप होण्याची हमी नव्हे. आपल्याकडे मात्र ही रेघ दहावीच्या ३५ मार्कांसारखी वाचतात. ३४ म्हणजे नापास, ३६ म्हणजे पास, विषय संपला.

आणि पास तरी कसे करतात बघा. एका माणसाचं वीर्य दीड मिलिलिटर, दर मिलिलिटरला १.७ कोटी, पुढे जाणारे ३२ टक्के. तिन्ही आकडे रेघेच्या वर, शिक्का ‘नॉर्मल’. पण गुणाकार करा. एकूण शुक्राणू होतात २.५५ कोटी, म्हणजे ३.९ कोटींच्या खाली. त्यातले पुढे जाणारे जेमतेम ८१ लाख. दुसऱ्याचं वीर्य ४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला ८ कोटी, पुढे जाणारे ५५ टक्के. त्याच्याकडे असे साडेसतरा कोटी आहेत. दोघांच्या चिठ्ठीवर एकच शब्द, दोघांच्या बायकांना एकच उपचार. या गुणाकाराला ना मशीन लागतं ना पैसा. हा आकडा लॅबने लिहायलाच हवा, आणि नसेल लिहिला तर तुम्ही मागायला हवा.

एका नमुन्यावर निकाल नको, हेही तुम्हाला माहीतच आहे. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि पुढचा प्रवास धरला तर तीन. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचा ताप येऊन गेला असेल, तर दिवाळीपर्यंतचा रिपोर्ट त्या तापाचा असतो, माणसाचा नाही. अंडकोषांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं. म्हणून भट्टीपुढे उभा राहणारा, उन्हाळाभर ट्रकच्या केबिनमध्ये इंजिनाच्या धगीवर बसणारा, याला कामाबद्दल विचारलंच पाहिजे. तंबाखू-गुटख्याचं तर विचारायलाच नको, पुडी खिशातून डोकावत असते.

आणखी एक नवं प्रकरण वाढलं आहे. जिममधली पोरं. दंड फुगवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू अंडकोषांना द्यायचा संदेश थांबवतो आणि शुक्राणू बनणंच बंद पडतं. काउंट शून्यावर येतो. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचा परत येतो, पण महिने जातात. लग्नाला दोन वर्षं झालेला धडधाकट तरुण, रिपोर्ट शून्य, घरात रडारड, आणि त्याला कुणी विचारलेलंच नाही की बाबा रे, सुई घेतोस का? याहून वाईट म्हणजे ‘कमजोरी’ म्हणून हेच हार्मोन डॉक्टरांकडूनही दिलं जातं. मूल हवं असणाऱ्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देऊ नये, हे आता मार्गदर्शिकांत स्पष्ट लिहिलेलं आहे.

आणि तपासून पाहणं? बाईची आतून तपासणी पहिल्याच भेटीत होते. नवऱ्याची पँट उतरवून, उभं करून अंडकोष कोणी बघत नाही. व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगणं, शंभरातल्या साधारण १५ पुरुषांना असतं. मूल न होणाऱ्या पुरुषांत ते ३५ ते ४० जणांपर्यंत जातं. हे हाताला लागतं. प्रत्येकाची शस्त्रक्रिया करा असं मुळीच नाही; रिपोर्ट चांगला असेल तर तिचा उपयोगही नाही. पण बघायला तर हवं. स्त्रीरोगतज्ज्ञाला हे करणं अवघड वाटत असेल तर गावातल्या युरॉलॉजिस्टकडे एक चिठ्ठी लिहा.

खानदेशातलं एक कारण तर कुठल्याच तपासणीत दिसणार नाही. नंदुरबार, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा या पट्ट्यातली किती तरी मुलं सुरतेला आहेत. कुणी लूमवर, कुणी हिऱ्याच्या कारखान्यात, कुणी टेम्पोवर. बायको गावी सासूजवळ. तो येतो आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), कानबाईच्या सणाला, दिवाळीला, मधे कुणाच्या लग्नाला. गर्भ राहण्याचे दिवस महिन्यात सहाच: अंडं फुटतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच. दोन दिवसांच्या सुटीत तो मुहूर्त साधला तर नशीब. तुमच्या फॉर्मवर ‘लग्नाला ४ वर्षे’ लिहिलेलं असतं. एकत्र किती राहिलात, हा रकानाच नाही. अशा जोडप्याला कारण सापडत नाही म्हणून आययूआय लिहून देणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं. त्यापेक्षा ‘बाई, तू दोन-चार महिने सुरतेला जाऊन राहा’ हे औषध स्वस्त आहे. सासूला पटवायचं काम मात्र तुम्हालाच करावं लागेल, कारण आमच्यासारख्याचं ती ऐकत नाही. ‘मना आंडोरमा काहीच खोट नही शे, तिलेच तपासा’ (माझ्या मुलात काहीच खोट नाही, तिलाच तपासा), हे वाक्य माझ्या काउंटरवर इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते म्हणणाऱ्या आजीबाईंना मी आधी पाणी देते, मग बोलते.

हे सगळं झालं, दोनदा नीट तपासणी झाली, नवऱ्याला तपासून झालं, आणि तरी कारण नाही. अशी जोडपी असतातच. मूल न होणाऱ्या जोडप्यांत शंभरात १५ ते ३० अशी निघतात असं पुस्तकं सांगतात. त्यांच्यासाठी पुढच्या चाचण्यांचा विषय येतो, आणि इथे मला तुमच्याशी जरा उलट्या बाजूने बोलायचं आहे.

साध्या तपासणीत आम्ही शुक्राणू किती, चालतात कसे, दिसतात कसे एवढंच बघतो. ते कामाचे आहेत का, हे त्यातून कळत नाही. ताजा शुक्राणू लगेच अंड्यात शिरू शकत नाही. बाईच्या शरीरात काही तास राहिल्यावर त्याच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल निघतं, शेपटीचा झटका वाढतो, आणि मग तो अंडं फलित करण्याच्या लायकीचा होतो. शुक्राणूला आधी मादीच्या शरीरात काही वेळ राहावं लागतं, हे अमेरिकेत चँग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन या दोघांनी १९५१ मध्ये आपापल्या प्रयोगांतून दाखवून दिलं. शुक्राणूतल्या या बदलाला कपॅसिटेशन म्हणतात. रिपोर्ट उत्तम असूनही काहींच्या शुक्राणूंत हा बदल पुरेसा होत नाही, अशी कल्पना आहे. शुक्राणूच्या डोक्यावर जीएम१ नावाचा स्निग्ध पदार्थ कसा पसरला आहे ते रंगवून बघायचं आणि त्यावरून बदल झालेल्यांचं प्रमाण मोजायचं, अशी चाचणी अमेरिकेत काही वर्षांपासून आहे. आययूआयने काम होईल की सरळ आयव्हीएफकडे, म्हणजे अंडं शरीराबाहेर फलित करण्याकडे जावं, हे त्यावरून ठरवता येईल असा तिचा दावा. दावा चांगला आहे. पण त्यावरचे बरेचसे अभ्यास चाचणी तयार करणाऱ्यांशीच जोडलेले आहेत, हे लक्षात ठेवून वाचावेत.

दुसरी चाचणी आपल्याकडे जास्त चालते. डीएनए फ्रॅगमेंटेशन, बोलीत ‘डीएफआय’. शुक्राणूतल्या डीएनएचे धागे किती तुटलेत ते बघायचं. त्यासाठी कॉमेट, ट्यूनेल, एससीएसए, हॅलो अशा वेगवेगळ्या पद्धती आहेत आणि एकीचा आकडा दुसरीला लागू होत नाही. ३० टक्क्यांच्या वर म्हणजे वाईट, हा जो आकडा सगळीकडे सांगतात तो मुळात एससीएसएचा. नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो आणि जोडप्याचे काही हजार जातात.

आता हे कुणाला सांगावं? युरोपातल्या ईश्रे या संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत, वीर्याचा रिपोर्ट नॉर्मल असेल तर कारण न सापडलेल्या जोडप्यात डीएनएची चाचणी सुचवू नये असं म्हटलं आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनीही २०२० मध्ये सांगितलं की सुरुवातीच्या तपासण्यांत ती नको. वारंवार गर्भपात होत असतील तर मात्र करावी. माझ्या अनुभवाने मलाही हेच पटतं. वारंवार गर्भ पडतो आहे, किंवा व्हेरिकोसील हाताला लागलंय आणि शस्त्रक्रिया करावी की नाही यावर अडलंय, अशा वेळी त्या आकड्याला काही अर्थ आहे. पण आकडा काहीही आला तरी आययूआयच करायचं ठरलेलं असेल, तर केळीचा माल विकून आणलेले ते पैसे तिथे कशाला? माझा प्रश्न एवढाच असतो: ‘साहेब, हा रिपोर्ट खराब आला तर काय वेगळं करणार?’ याचं उत्तर तयार असेल तर जरूर पाठवा.

उलट एक चाचणी तुम्ही दर वेळी करता आणि तिचा निकाल फेकून देता. आययूआयच्या आधी नमुना धुतला जातो, जोमदार शुक्राणू वेगळे काढले जातात. धुतल्यावर नेमके किती मिळाले? ५० लाखांपेक्षा कमी मिळत असतील तर आययूआयला यश कमी, हे मार्गदर्शिका सांगतात. पण डिस्चार्जच्या कागदावर ‘आययूआय डन’ एवढंच असतं. धुण्याआधीचा आणि नंतरचा आकडा दर वेळी लिहून दिलात, तर दोन-तीन वेळांतच चित्र दिसेल. चौथी आययूआय करायची की थांबायचं, हे ठरवायला याहून स्वस्त पुरावा नाही. आणि ते जोडपं उद्या नाशिकला, पुण्याला गेलं तर तिथल्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

मला वाटतं नवऱ्याच्या तपासणीची आबाळ व्हायला इक्सी ही आयव्हीएफमधली नवी पद्धतही थोडी कारणीभूत आहे. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, तेव्हा डिशमध्ये अंड्याभोवती शुक्राणू सोडत आणि त्यांना स्वतःचं काम स्वतः करावं लागे. १९९२ मध्ये ब्रसेल्सहून इक्सी आली, एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडता येऊ लागला. ज्यांचा काउंट अगदीच कमी त्यांच्यासाठी ते वरदानच. पण त्यामुळे ‘एक मिळाला की झालं, कशाला शोधत बसा’ अशी सवय लागली. कारण न सापडलेल्या जोडप्यांत साध्या आयव्हीएफपेक्षा इक्सीने जास्त यश मिळतं असं दिसलेलं नाही. ईश्रेनेही तसंच लिहिलं आहे. तरी पॅकेजमध्ये ती असतेच. सुया शेवटी बाईलाच टोचतात, पोटात अंडी वाढवायची इंजेक्शनं तिलाच, भूल तिलाच. नवरा बाहेर बाकड्यावर मोबाईल बघत बसलेला.

जिल्हा शल्यचिकित्सक साहेबांना वेगळी विनंती आहे. तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. प्रत्येक ठिकाणी वीर्य तपासणीचं एक चांगलं टेबल उभं राहिलं, तर आयव्हीएफ सेंटरइतका खर्च येणार नाही. आतून कडी लागणारी एक स्वच्छ खोली, फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोप, चेंबर, रंग, नीट शिकलेला एक माणूस, आणि मोजणी बरोबर आहे का ते तपासून घ्यायला बाहेरच्या लॅबशी बांधलेली व्यवस्था. तिथेच तालुक्याच्या आमच्यासारख्यांना आठवडाभर बसवून शिकवा. सुटी टाकून, स्वतःच्या खर्चाने येणारे निघतील, मी पहिली. २०२१ च्या कायद्याने नुसती आययूआय करणाऱ्या दवाखान्यालाही नोंदणी सक्तीची केली आहे. त्या नोंदणीच्या तपासणीला जाल तेव्हा नुसती प्रमाणपत्रं बघू नका. वीर्य तपासणीचं रजिस्टर उघडा, नमुन्याची वेळ लिहिली आहे का ते बघा, आणि नॉर्मल फॉर्म्सच्या रकान्यात ८० दिसले तर तिथेच थांबा.

आणि डॉक्टर मंडळींना शेवटचं. पहिल्या भेटीला नवरा आलाच पाहिजे, तो आल्याशिवाय बाईच्या तपासण्या सुरू होणार नाहीत, एवढा नियम तुमच्या रिसेप्शनच्या काचेवर लावा. तुमच्या शब्दाला गावात वजन आहे. तुम्ही सांगितलं तर सुरतेहूनही येतील.

नवऱ्याबरोबर लॅबला पाठवायचा एक पानी फॉर्म मी मराठीत तयार केला आहे. किती दिवस संबंध नव्हता, नमुन्याची वेळ, काही सांडलं का, गेल्या तीन महिन्यांत ताप, चालू औषधं आणि इंजेक्शनं, काम कुठलं, नवरा-बायको एकत्र कुठे राहतात, आणि खाली एकूण पुढे जाणाऱ्या शुक्राणूंच्या गुणाकाराचा रकाना. नमुना कसा आणायचा ते मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात आहे. झेरॉक्स काढून कुणीही वापरावा. माझं नाव त्यावर नाही आणि नको.

कळावे,

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ
जि. जळगाव